लव्ह-थर्टी आणि लातूर पॅटर्न

शनिवारी सकाळी साडेसहाला बाणेर-बालेवाडीच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या टेनिस कोर्टकडे एक चक्कर मारा. फुकटात नाटक बघायला मिळेल. आठवडाभर क्लायंटचे टोमणे 'शुअर, नोटेड' म्हणत हसतमुखाने गिळणारा टीम लीड इथे एक सोपी व्हॉली नेटमध्ये गेली म्हणून स्वतःलाच अशा शिव्या घालत असतो, की शेजारी पोरांना पोहायला घेऊन आलेल्या आया दचकून बघतात. एचआरमधली शांत, गोड आवाजाची मुलगी डबल फॉल्ट झाला की रॅकेट स्वतःच्याच मांडीवर आपटते. आणि पलीकडे साठीचे काका, गुडघ्याला कॅप लावलेले, एकही जोरदार फटका न मारता नुसते चेंडू परत करत असतात. सेट तेच जिंकतात.

मॅचवर पैसे लागलेले नाहीत, कप नाही, रँकिंग नाही. हरलं तरी सोमवारचा पगार तेवढाच आणि ट्रॅफिकही तेवढंच. तरी माणसं एवढी का पेटतात? मी पुण्यात नोकरीला आल्यावर टेनिस शिकलो. तेव्हापासून फोरहँडपेक्षा जास्त विचार मी या प्रश्नावर केलाय.

अकरा जणांत वाटलेली हार

मी मूळचा उमरीचा. नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. इतिहासाची आवड असलेल्यांना ते माहीत असतं ते ३० जानेवारी १९४८ च्या बँक लुटीमुळे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्वातंत्र्यसैनिकांनी निजामाच्या राज्यातली उमरीची बँक लुटली होती. बाकीच्यांसाठी मुदखेड आणि धर्माबादच्या मधलं एक स्टेशन. टेनिससाठी मात्र उमरी कुणालाच माहीत नाही. आमच्याकडे टेनिस म्हणजे टेनिस बॉल, आणि टेनिस बॉल म्हणजे क्रिकेट. विषय संपला.

त्या क्रिकेटमध्ये हरायची मोठी सोय होती. मॅच गेली की विकेटकीपरने कॅच सोडला, अंपायर त्यांचाच होता, पिचवर दगड होता, शेवटची ओव्हर भलत्यालाच दिली, अशी कारणं लगेच तयार. पराभव अकरा जणांत वाटून घेतला की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येतो. शिवाय आउट झालेला बॅट्समन लिंबाखाली जाऊन बसू शकतो. तिथे त्याला कुणी विचारत नाही. अर्ध्या तासाने राग उतरतो आणि तो फिल्डिंगला हजर.

टेनिसच्या सिंगल्समध्ये लिंबाचं झाड नाही. ज्याने चूक केली त्यालाच पुढचा पॉइंट खेळायचा असतो, आणि तोही लगेच. मोठ्या स्पर्धांत दोन पॉइंटच्या मध्ये २५ सेकंद मिळतात. तेवढ्यात रडायचं, चिडायचं, घाम पुसायचा आणि परत उभं राहायचं. ना कॅप्टन, ना नॉनस्ट्रायकर. चेंडूसुद्धा आपणच उचलून आणायचा!

डबल्समध्ये जरा बरं असतं असं वाटतं, पण तिथे वेगळंच दुखणं. प्रत्येक चुकीनंतर पार्टनरला 'सॉरी'. तासाभरात तीस-चाळीस वेळा. पार्टनर प्रत्येक वेळी 'अरे नो प्रॉब्लेम' म्हणतो आणि दोघांनाही ठाऊक असतं, की प्रॉब्लेम आहे.

मधल्या वेळेतला खेळ

एक गंमत बघा. आपण कोर्ट तासाभरासाठी बुक करतो, पण त्या तासात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो फार तर पंधरा-वीस मिनिटं. उरलेला वेळ आपण चेंडू गोळा करतो, सर्व्हिसच्या जागी चालत जातो, पाणी पितो. म्हणजे टेनिस हा बराचसा चालण्याचा आणि विचार करण्याचा खेळ आहे! हात रिकामे असतात तेव्हा डोकं कामाला लागतं. 'मागच्या वेळीही इथूनच हरलो होतो.' 'तो बघ, तो हसला.' 'पाच हजारांची रॅकेट घेतली कशाला?'

अमेरिकेतले क्रीडा मानसशास्त्रज्ञ जिम लोहर यांनी नेमका हाच मधला वेळ अभ्यासाला घेतला. मोठे खेळाडू फटके कसे मारतात हे सगळेच बघत होते; यांनी पाहिलं, की पॉइंट संपल्यावर ते काय करतात. त्यातून त्यांचा 'सोळा सेकंदांचा उपाय' तयार झाला. पॉइंट संपला की आधी खांदे ताठ ठेवून वळायचं, जणू काही झालंच नाही. मग श्वास सोडायचा, हात सैल करायचे. मग पुढच्या पॉइंटला काय करायचंय ते ठरवायचं. आणि शेवटी आपली ठरलेली सवय, म्हणजे चेंडू दोन-तीनदा आपटणं, तारांकडे बघणं, जे असेल ते. राफेल नदाल सर्व्हिसआधी नाक-कान-केस चाचपायचा, पाण्याच्या बाटल्या ठरावीक दिशेला तोंड करून ठेवायचा. त्यावर आपण हसायचो. पण मनाला रिकामं न सोडण्याचीच ती युक्ती होती.

त्याही आधी, १९७४ मध्ये टिमथी गॅलवे नावाच्या टेनिस कोचने 'द इनर गेम ऑफ टेनिस' हे पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की कोर्टवर आपल्यातच दोघं जण असतात. एक सूचना देणारा आणि दुसरा खेळणारा. सूचना देणारा सतत बडबडतो: गुडघे वाकव, नजर ठेव, मूर्खा! खेळणाऱ्याला खरं तर खेळ येत असतो, पण या बडबडीत तो गांगरतो. आपल्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपल्याच मराठवाड्यातल्या जांबच्या समर्थांनी मनाला समोर बसवून २०५ श्लोक ऐकवले. फरक एवढाच, की समर्थ मनाला 'सज्जन' म्हणून हाक मारतात. आपण मॅचमध्ये स्वतःला कुठल्या शब्दांत हाक मारतो ते छापण्यासारखं नाही.

पिन विसरला!

आता तुम्ही म्हणाल, सूचना दिल्या तर बिघडलं काय? बिघडतं. एटीएमवर कुणी मागे उभं राहून 'लवकर करा हो' म्हणालं, की रोजचा पिन आठवेनासा होतो. बोटांना तो माहीत असतो; आपण 'नक्की कुठला बरं?' म्हणून विचार करायला गेलो की गोंधळ. जिन्यावरून भराभर उतरताना प्रत्येक पावलाकडे लक्ष द्या, अडखळायला होतं. सवयीचं काम दडपणाखाली मुद्दाम तपासून करायला गेलं की ते मोडतं. खेळात याला 'चोक होणं' म्हणतात. त्यात शरीरही साथ सोडतं. मूठ आवळली जाते, श्वास अर्ध्यात अडकतो, सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू भलतीकडे जातो.

आणि हे काही आपल्यासारख्या वीकएंडवाल्यांनाच होतं असं नाही. १९९३ ची विम्बल्डन फायनल. याना नोवोत्ना तिसऱ्या सेटमध्ये स्टेफी ग्राफविरुद्ध ४-१ ने पुढे. सर्व्हिस तिची, स्कोअर ४०-३०. एक पॉइंट मिळाला की ५-१. तिथे तिने डबल फॉल्ट केला. त्यानंतर तिला एकही गेम मिळाला नाही. सेट ६-४ ने ग्राफचा. बक्षीस घेताना नोवोत्ना डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तो फोटो जगभर गेला. पण पुढचं लक्षात ठेवा. पाच वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच कोर्टवर ती विम्बल्डन जिंकली.

मार्क गेला!

आता माझ्या एका मित्राची गोष्ट सांगतो. नाव नको. तोही आमच्याच भागातला. दहावीला तालुक्यात पहिला, मग अकरावी-बारावीला लातूर. राज्य बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकायला लागली तेव्हापासून 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर गेला. पॅटर्न म्हणजे काय, तर प्रश्नपत्रिकांवर प्रश्नपत्रिका सोडवायच्या, तपासायच्या, आणि गेलेला प्रत्येक मार्क का गेला ते शोधायचं. अर्धा मार्कसुद्धा. भाड्याच्या खोलीत तीन पोरं, एक टेबल, मेसचा डबा. या पॅटर्नने आमच्याकडच्या शेकडो साध्या घरांतल्या मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केलं. त्याला नावं ठेवण्याची माझी अजिबात इच्छा नाही.

पण त्या दोन वर्षांत डोक्यात एक यंत्र बसतं. गेलेला प्रत्येक मार्क म्हणजे गुन्हा. आणि परीक्षा संपल्या तरी ते यंत्र कुणी काढून घेत नाही. पुढे कंपनीत अप्रेझल असतंच त्याला तेल घालायला.

हा मित्र टेनिस शिकला तोही त्याच पद्धतीने. कोचिंग लावलं, व्हिडिओ बघितले, मोबाइलमध्ये प्रत्येक मॅचच्या चुकांची नोंद. वर्षभरात चांगला खेळायला लागला. पण दर शनिवारी त्याचा चेहरा उतरत गेला. हरला की रविवार वाया. बायको विचारायची, काय झालं? तो म्हणायचा, काही नाही. एकदा त्या गुडघ्याला कॅप लावणाऱ्या काकांकडून ६-२ हरला आणि पार्किंगमध्ये गाडीत वीस मिनिटं स्टिअरिंग धरून बसून राहिला. त्यानंतर त्याने रॅकेट कपाटावर टाकली. 'मला जमत नाही रे,' एवढंच म्हणाला. खरं तर त्याला चांगलं जमत होतं. हरणं तेवढं जमत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तो एखाद्या गोष्टीत 'मधला' होता, आणि मधलं असणं कसं सोसायचं हे त्याला कुठल्याच क्लासने शिकवलं नव्हतं.

मला यातलं एकच खटकतं. त्याला टेनिस आवडायचं! चेंडू रॅकेटच्या नेमक्या मध्यावर बसल्यावर येणारा तो 'टॉक' आवाज ऐकून त्याचा चेहरा फुलायचा. ते सुख त्याने मार्कांच्या हिशेबात घालवलं.

भिंतीशी मॅच

याच्या अगदी उलटं मी उमरीत पाहिलं. २०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि माझ्यासारखे हजारो लॅपटॉप घेऊन गावी परतले. रॅकेट सोबत आणली होती, पण खेळणार कुणाशी? घरामागे एका जुन्या गोदामाची भिंत होती. तिच्यावर गेरूने तीन फुटांवर एक आडवी रेघ ओढली. टेनिसचं नेट मधोमध तेवढंच उंच असतं. ऊन चढायच्या आत, सकाळी रोज अर्धा तास भिंतीशी खेळायचो.

चौथ्या-पाचव्या दिवशी चुलतभाऊ येऊन उभा राहिला. शेती करतो, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बराच वेळ बघून म्हणाला, "कोण जिंकूलालंय रे?"

म्हटलं, "कोणीच नाही, दादा."

"मग कामून खेळूलालास?"

उत्तर सुचेना. मी रॅकेट त्याच्या हातात दिली. पहिला फटका गोदामाच्या पत्र्यावर, दुसरा शेजारच्यांच्या गोठ्यात, तिसरा थेट माझ्या अंगावर. प्रत्येक फटक्याला दादा खदाखदा हसत होता. पाचवा चेंडू रेघेच्या वर बसला आणि सरळ त्याच्याकडे परत आला, तेव्हा त्याने लहान पोरासारखी आरोळी ठोकली. दुसऱ्या दिवशी माझ्याआधी तो हजर! टेनिसमध्ये आपण किती मार्कांचे, हे त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्यामुळे गेलेल्या चेंडूचं त्याला काहीच वाटत नव्हतं. 'कामून खेळूलालास?'चं उत्तर त्याने स्वतःच देऊन टाकलं होतं.

चौपन्न टक्के

आता थोडे आकडे. आमच्या पॅटर्नवाल्यांना आकड्यांशिवाय पटत नाही ना! जून २०२४ मध्ये रॉजर फेडररने अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात भाषण केलं. त्याने सांगितलं, की कारकिर्दीत तो १,५२६ सिंगल्स मॅचेस खेळला आणि त्यातल्या जवळजवळ ८० टक्के जिंकला. मग त्याने समोरच्या पोरांना विचारलं, यात मी पॉइंट किती टक्के जिंकले असतील? उत्तर: फक्त ५४. (योगायोग असा, की त्या डार्टमथच्या अध्यक्ष सायन बायलॉक या दडपणाखाली माणूस चोक का होतो याच विषयाच्या संशोधक आहेत.)

५४ टक्के! लातूरच्या एखाद्या क्लासमध्ये हे मार्क दाखवले असते तर पालकांना बोलावून घेतलं असतं. म्हणजे शंभरातले ४६ पॉइंट हरणारा माणूस जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला गेला. का? कारण गेलेला पॉइंट तो तिथेच सोडून पुढे जायला शिकला. तरुणपणी हाच फेडरर कोर्टवर रॅकेटी फेकायचा, हेही खरं.

बरं, जास्त पॉइंट जिंकले म्हणून मॅच जिंकली असंही नसतं. २०१९ च्या विम्बल्डन फायनलमध्ये फेडररने २१८ पॉइंट जिंकले आणि जोकोविचने २०४. फेडररकडे स्वतःच्या सर्व्हिसवर दोन मॅच पॉइंट होते. विम्बल्डन जोकोविचने नेलं. टेनिसमध्ये बेरीज चालत नाही. प्रत्येक गेम नव्या शून्यापासून, प्रत्येक सेट नव्या शून्यापासून.

हे क्रूर वाटतं, पण दुसऱ्या बाजूने बघा. या खेळात घड्याळ नाही. फुटबॉलमध्ये शेवटच्या मिनिटाला तीन गोलांनी मागे असाल तर संपलंच. टेनिसमध्ये शेवटचा पॉइंट होईपर्यंत दार उघडं असतं. ३० सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये मिक्स्ड डबल्सच्या फायनलला आपली ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा पहिला सेट २-६ हरले होते. दुसरा सेट ६-३, शेवटचा टायब्रेक १०-४ आणि गोल्ड मेडल! त्या २-६ चा हिशेब डोक्यात घेऊन खेळले असते तर? तोच बोपण्णा चार महिन्यांनी, त्रेचाळिसाव्या वर्षी, डबल्समध्ये जगात पहिल्या नंबरवर गेला.

शनिवारसाठी थोडी शिदोरी

मोठ्यांचं मोठ्यांपाशी. आपल्या साडेसहाच्या स्लॉटसाठी या चार गोष्टी करून बघा.

एक: गॅलवेची युक्ती. चेंडू जमिनीवर पडला की मनात 'टप्पा' म्हणा, रॅकेटला लागला की 'फटका'. बस्स. सूचना देणाऱ्याला काम मिळतं आणि खेळणारा मोकळा होतो.

दोन: पॉइंट गेला की मागे वळा आणि जाळीपर्यंत सावकाश चालत जा. तेवढंच तुमचं लिंबाचं झाड. जाळीला हात लावला की त्या पॉइंटचा विषय बंद.

तीन: आपल्या मॅचला अंपायर नसतो. आपल्या बाजूच्या रेघेवरचा चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचं असतं. शंका असेल तर पॉइंट समोरच्याचा, असा टेनिसचा रिवाज आहे. तो पाळा. ६-४ जिंकून घरी जाताना त्या एका चेंडूचा विचार मनात घोळत राहिला, तर जिंकून काय मिळवलं?

चार: मॅचनंतर समोरच्याबरोबर चहा घ्या. हरला असाल तर नक्कीच. ज्याच्यावर तासभर मनातल्या मनात दात-ओठ खाल्ले, त्याचेही गुडघे दुखतात, त्याचंही अप्रेझल अडकलंय, हे कटिंग संपेपर्यंत कळतं.

माझ्या मित्राची रॅकेट अजून कपाटावरच आहे. हा लेख त्याला पाठवणार आहे. सोबत एकच निरोप: शनिवारी ये, स्कोअर ठेवायचा नाही, नुसतं टोलवू. आपल्यासारख्यांना मराठीत 'हौशी खेळाडू' म्हणतात. हौसेला मोल नसतं म्हणतात ना? मग मार्क तरी कशाला हवेत!